आत या की आत ये

नॉटिंगहॅम, रविवार, ६ मे २००७

भाषणाला टाळ्या मिळतात, वहीला मिळत नाहीत. म्हणून मी आजवर वही लिहिली नाही. तीस वर्षं अमळनेरपासून सावंतवाडीपर्यंत व्याख्यानं दिली, पण स्वतःशी बोलायची वेळ आली नाही. इथे ती तीन आठवड्यांत आली. माझी भाची निधी सकाळी सातला हॉस्पिटलात एक्स-रे काढायला जाते. तिचा नवरा अपूर्व सोमवारी मिल्टन कीन्सला जातो आणि शुक्रवारी उगवतो. मधल्या वेळात या घरात मी असते, भिंतीवरचा बॉयलर असतो आणि मार्था असते.

मार्था म्हणजे मार्था विन्सली. तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका बंद पडलेल्या शाळेची पुस्तकं फुटपाथवर विकायला आली होती, त्यात ही कादंबरी सापडली. १८५९ साली छापलेली. लेखिकेचं नाव नाही, नुसतंच 'एका स्त्रीने लिहिलेली'. गोष्ट याच नॉटिंगहॅममधली. लेसच्या कारखान्यातले मोठे कारकून वारतात, आणि सत्तावीस वर्षांच्या त्यांच्या मुलीपुढे, मार्थापुढे, तीनच वाटा राहतात: श्रीमंतांच्या घरी राहून त्यांची मुलं शिकवायची, भावाच्या घरी बिनपगारी आत्या व्हायचं, नाहीतर मिस्टर ऑर्टन नावाच्या विधुर कारखानदाराशी लग्न करायचं. तीन दारं, आणि तिन्हींच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात!

ही कादंबरी मी मराठीत आणणार. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, परतीचं तिकीट १२ ऑक्टोबरचं. तोवर भाषांतर आणि प्रस्तावना दोन्ही व्हायला हवं. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य तयार आहे: 'या कादंबरीचा शेवट गोड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पुन्हा वाचावी.'

बुधवार, ९ मे

लायब्ररीत दुसऱ्या प्रकरणाशी झटापट. मार्था लहानपणी वडिलांचं बोट धरून कारखान्यात जाते आणि वडील तिला सांगतात की या एका दालनात चार हजार कॅरेज आहेत. मी लिहिलं, 'चार हजार बग्ग्या'. लिहिलं खरं, पण पटेना. माझी सवय वाईट आहे, एकटी असले तरी मोठ्याने बोलते. म्हटलं, "चार हजार बग्ग्या! अहो, मग घोडे कुठे बांधत होता?"

समोरच्या टेबलावरून आवाज आला, "बाई, त्यांना घोडे लागत नाहीत."

मराठीत! राखाडी स्वेटर, डोक्यावर चपटी टोपी, समोर जुने नकाशे. उठून आले आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक चित्र काढलं. कॅरेज म्हणजे लेसच्या यंत्रातली पोलादी पातळ चौकट. तिच्यात दोऱ्याची चकती बसते आणि ती सुतांच्या मधून पुढेमागे झुलत राहते. "तीस वर्षं या बग्ग्या दुरुस्त केल्यात मी," म्हणाले. नाव हाईम झिराडकर. अलिबागजवळचं झिराड हे मूळ गाव, जन्म भायखळ्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. एकाहत्तर साली इथे आले. कारखाने बंद पडले, तेव्हा निवृत्त झाले.

उपयोगी गृहस्थ आहेत. यंत्रांची प्रकरणं त्यांच्याकडून तपासून घेईन.

मंगळवार, २२ मे

खरी अडचण यंत्रांची नाही, एका शब्दाची आहे. इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम भागतं. राजालाही यू, कुत्र्यालाही यू. मराठीत मला प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं: मार्था ऑर्टनला 'तुम्ही' म्हणते की 'तू'?

मी नियम केला आहे. लग्नाआधी दोघंही एकमेकांना 'तुम्ही'. लग्न झालेल्या बायका नवऱ्याला मरेपर्यंत 'तुम्ही', नवरे बायकोला पहिल्या सकाळपासून 'तू'. लग्न म्हणजे दुसरं काय होतं त्या काळात? पुरुषाने 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं आणि बाईने होती तिथेच उभं राहायचं. प्रस्तावनेत घालण्यासारखं वाक्य आहे.

निधीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, आईने बाबांना एकदाही नावाने हाक मारली नाही. मी अपूर्वला अप्पू म्हणते तर आईला घाम फुटतो."

तिची आई, माझी धाकटी बहीण, तिसऱ्या स्थळाला पसंत पडली होती. माझं पहिलंच स्थळ शेवटचं ठरलं. त्र्याहत्तर साल, मी बावीस वर्षांची. कांदेपोह्यांच्या बशा ठेवल्या, मुलाच्या काकांनी विचारलं, स्वयंपाक येतो का? मी मुलाकडे बघून विचारलं, "तुम्हाला येतो का?" काका बशी तशीच ठेवून उठले. वडील आठ दिवस बोलले नाहीत, पण त्यांनी पुन्हा कुणासमोर मला बसवलं नाही. त्या एका प्रश्नाने मला कॉलेजची नोकरी, पुस्तकांनी भरलेलं स्वतःचं घर आणि हवं तिथे हवं ते बोलण्याची मुभा मिळवून दिली. एकदाही पस्तावले नाही. हे मी व्याख्यानातही सांगते, लोक फार हसतात.

रविवार, १० जून

झिराडकर घरी आले होते. त्यांची मुलगी टालिया लंडनमध्ये वकील झाली, त्याबद्दल त्यांनी घरी मलिदा केला होता. त्यांच्यात देवाचे आभार मानायचे तर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं. स्टीलचा डबा घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, टाय. टाय कशासाठी, ते कळलं नाही, बाहेर चांगलं ऊन होतं. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले होते.

निधीने चहा ठेवला आणि एकदम विचारलं, "काका, तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"येतो की," झिराडकर म्हणाले. "शनिवार सोडून. शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही."

"आणि घरी कोण कोण असतं?"

"एकटाच. बायको, एलिशेबा, जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी लंडनला. घर आपलं आहे, मागे सफरचंदाचं झाड आहे."

निधी तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथे बराच वेळ नळ सोडून हसत होती. काय हसण्यासारखं होतं देव जाणे. हल्लीची मुलं पाहुण्यांसमोर कशी वागतात! मी विषय बदलून चौथ्या प्रकरणावर आणला. पोहे सुरेख होते, मी दोनदा वाढून घेतले.

मंगळवार, २६ जून

काल इतका पाऊस पडला की रस्त्यांवर गुडघाभर पाणी. लायब्ररी बंद. झिराडकरांचे तीन फोन. कादंबरीची प्रत भिजली तर नाही ना, हे विचारायला. तिन्ही वेळा तेच. एका पुस्तकाची एवढी काळजी करणारा वाचक मी पुण्यातही पाहिलेला नाही.

रविवार, १५ जुलै

टालियाला भेटले. ती वडिलांकडे आली होती, त्यांनी मला जेवायला बोलावलं. नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण त्यांनी स्वतः केलं होतं. टालियाचं मराठी फार गोड आहे, व्याकरणाचा पत्ता नाही. "आंटी, माझा डॅड रोज फोनवर तुमची गोष्ट सांगते. सुलक्षणाबाई असा बोलली, सुलक्षणाबाई तसा बोलली. मला तर तुमचा सगळा लेक्चर पाठ आहे!"

"टालिया, पास द राइस," हाईमराव म्हणाले. कान लाल झाले होते. कालवण तिखट होतं खरं.

मी टालियाला मराठीतली लिंगं समजावून दिली. डॅड सांगतो, बाई असं बोलली, तुमचं सगळं लेक्चर पाठ आहे. ती म्हणाली, "टू मच, आंटी. डॅड म्हणते, तू चूक बोल पण बोल."

म्हणतात ते बरोबर आहे. मुलीला गप्प करण्यापेक्षा चुकू द्यावं. हा मुद्दा मी कुठेतरी वापरीन.

शुक्रवार, १० ऑगस्ट

नववं प्रकरण झालं. घरमालक मार्थाला आठ दिवसांत घर रिकामं करायला सांगतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मिस्टर ऑर्टन लग्नाचं विचारतात. 'तुमच्या डोक्यावर छप्पर असेल', हे त्यांचं पहिलं वाक्य. प्रेमाचा शब्द नाही. मार्था नकार देते, दोन खोल्या भाड्याने घेऊन मुलींची शाळा काढते. काय बाई आहे! भाषांतर करताना मी टेबलावर मूठ आपटली आणि शेजारच्या विद्यार्थ्याची सॉरी म्हणून माफी मागितली.

पण शेवट? दोन वर्षांनी ऑर्टन भर पावसात तिच्या दारात येऊन उभे राहतात. हातात तिच्या वडिलांनी काढलेला लेसचा एक जुना नमुना, तो परत करायला आलेले. आणि मार्था म्हणते, 'यू हॅव स्टुड लाँग इनफ ॲट द डोअर. कम इन.' पुस्तक संपलं!

मी लिहिलं आहे: 'तुम्ही पुष्कळ वेळ दारात उभे राहिलात. आत या.' आणि प्रस्तावनेत: 'हा होकार नाही, ही थकून केलेली शरणागती आहे. त्या काळच्या कायद्याने लग्न होताच बाईचं सामानसुमान नवऱ्याचं होई. शाळेची बाकंसुद्धा. मार्था आत या म्हणते आणि त्या क्षणी दार तिचं राहत नाही.'

हाईमरावांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, कायदा तुम्ही म्हणता तसाच होता. पण दार उघडलं कुणी?"

"तिने."

"मग शरण कोण आलं? पावसात तर तो उभा आहे."

"हाईमराव, तुम्ही यंत्रं दुरुस्त करा. कादंबरी मला कळते."

"यंत्रं बंद झाली हो," ते म्हणाले आणि हसले. "आता तुमचं वाचणंच उरलंय."

वाद घालायला माणूस चांगला आहे. चिडत नाही आणि सोडतही नाही. अलीकडे दिवस कसे भराभर जातात. हवा मानवली असावी.

रविवार, १६ सप्टेंबर

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझं व्याख्यान झालं. कम्युनिटी हॉल, दीडशे माणसं, मागे मुलांची धावपळ. मंडळाचे शशिकांत मला हळूच म्हणाले, "ताई, पंचेचाळीस मिनिटांत आटपा हं, मग महाप्रसाद." मी सव्वा तास बोलले आणि कुणी उठलं नाही. मार्थाची तीन दारं सांगितली. पुरुषाचं 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे पोहे सांगितले, सगळा हॉल हसला. शेवटी म्हटलं, "एकोणिसाव्या शतकातल्या त्या बाईकडे नकार होता, पण नकाराच्या पलीकडे जागा नव्हती. आपल्याकडे जागा आहे. तिथे उभ्या राहा!"

मग प्रश्न. शेवटच्या रांगेतून हाईमराव उभे राहिले. टोपी हातात.

"बाई, 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य तुम्ही तीस वर्षं शिकवलंत. ते ज्या बाईला मिळालं, तिला 'हो' म्हणायचंही मिळतं, की तेवढं सोडून?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायले.

काहीतरी उत्तर दिलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. काय उत्तर दिलं, ते आता आठवत नाही, आणि माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडतंय.

बुधवार, १९ सप्टेंबर

लायब्ररीच्या कँटीनमध्ये हाईमरावांनी दोन चहा आणले आणि त्यांना हात न लावता बोलायला लागले. आधी पाठ केलेलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता साखरेच्या पुड्यांकडे बघत होते.

"बाई, शेवटची दोन प्रकरणं नीट करायची राहिलीत. तुम्ही बारा तारखेला जाणार. मी विचार केला, आपण रजिस्टर केलं तर तुम्हाला राहता येईल. टालियाला विचारलं काय कागद लागतात ते. तुम्ही आधी जायचं, तिकडून अर्ज करायचा, की मग तुम्हाला इथे... म्हणजे कायमचं..."

मला क्षणभर कळलंच नाही. "झिराडकर, तुम्ही मला स्थळ सांगताय?"

"हो."

"कुणाचं?"

"माझंच. दुसरं ओळखीत नाही."

मग मी उठून उभी राहिले. काय काय म्हणाले ते लिहिणार नाही, पण त्यात छप्पर होतं, पासपोर्टवरचा शिक्का होता, आणि व्हिसा संपायच्या महिन्यात बाईला लग्नाचं विचारणारा प्रत्येक पुरुष हा मिस्टर ऑर्टनच असतो, हे होतं. मी इथे राहीन तर कुणाची बायको म्हणून राहणार नाही, असंही होतं. कँटीनमध्ये मराठी कुणालाच येत नव्हतं, पण काउंटरवरच्या बाईने मला न मागता पाणी आणून दिलं.

ते म्हणाले, "चूक झाली, बाई." दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले आणि गेले.

गुरुवार, २० सप्टेंबर

लायब्ररीत गेले नाही. प्रस्तावनेत दोन नवे परिच्छेद लिहिले. जळजळीत झालेत.

रविवार, ३० सप्टेंबर

दोन्ही परिच्छेद काढून टाकले. वाक्यं चांगली होती, पण मार्थाबद्दल नव्हती.

दहा दिवस फोन नाही. भाषांतर पुढे सरकत नाही. म्हणजे शब्द सुचतात, पण वाचून दाखवायला कुणी नाही. काल अपूर्वला एक पान वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मस्त आहे, मावशी." मला 'मस्त' नको आहे. मला कुणीतरी 'पण' म्हणायला हवं आहे.

आज निधीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली उशीची खोळ खाली ठेवून म्हणाली, "मावशी, तुला त्यांनी विचारलं याचा राग आलाय, की कारण चुकीचं दिलं याचा?"

"दोन्ही एकच."

"नाही हं. त्यांनी व्हिसा मधे आणला नसता तर तू काय म्हणाली असतीस?"

"तो मधे आलाच ना पण!"

"बरं, मग मला एक सांग. जूनमध्ये इथे पोहे कोण घेऊन आलं होतं? टाय लावून कोण बसलं होतं? स्वयंपाक येतो का म्हणून कुणी कुणाला विचारलं? घरात कोण कोण असतं, घर कसं आहे, सगळं कोण सांगत होतं? मला हसून हसून मरायची वेळ आली आणि तू चौथं प्रकरण काढून बसलीस!"

मी सोफ्यावर बसले.

बाविसाव्या वर्षी मी जो कार्यक्रम उधळून लावला, तो छपन्नाव्या वर्षी माझ्या समोर यथासांग पार पडला होता. फक्त उलट्या बाजूने. मुलगा पोहे घेऊन आला होता, त्याने प्रश्नांची नीट उत्तरं दिली होती. आणि मी मुलाकडच्या काकांसारखी पाय पसरून बसले होते आणि पोहे दोनदा वाढून घेतले होते.

हे मात्र मी कुठल्याही व्याख्यानात सांगणार नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर

बेल वाजली. निधीने दार उघडलं. हाईमराव पायपुसण्यावरच उभे राहिले. हातात माझी सातव्या प्रकरणाची पानं, यंत्रांच्या दुरुस्त्या करून आणलेली. निधी म्हणाली, "काका, या ना." ते म्हणाले, "नको, बूट ओले आहेत."

मी पॅसेजमध्ये गेले. निधीला एकदम आठवलं की वर इस्त्री चालू आहे.

"बाई," ते म्हणाले, "मी नवव्या प्रकरणात विचारलं. शेवटच्या प्रकरणात विचारायला हवं होतं."

"शेवटच्या प्रकरणात तो विचारतच नाही," मी म्हटलं. "ती बोलते."

"तेच. म्हणून मी आज काही विचारायला आलेलो नाही. पानं द्यायला आलोय. बावन्नाव्या पानावर चकतीच्या जागी चौकट लिहिलंय तुम्ही, ते बदला."

आणि गेले.

मी वर आले आणि शेवटचं प्रकरण काढलं. खरंच, ऑर्टन त्यात एक शब्द बोलत नाही. नमुन्याचा कागद पुढे करतो आणि भिजत उभा राहतो. साडेचार पानांत दोनच वाक्यं बोलली जातात आणि ती दोन्ही मार्थाची आहेत. हे पुस्तक मी निदान चाळीस वेळा वाचलं असेल. त्यावर सव्वा तास बोलले. आणि ही साधी गोष्ट मला दिसली नाही! लेखिकेने, जिला स्वतःचं नाव छापायची सोय नव्हती, तिने शेवटच्या प्रकरणात पुरुषाला गप्प उभं केलं आणि तोंड उघडायचा अधिकार फक्त बाईला दिला. कायदा तिला बदलता येत नव्हता. प्रकरण तिच्या हातात होतं.

मग त्या हिशेबाने पुढचं सगळंच बदलतं. छप्पर हवं असणारी बाई 'आत या' म्हणेल. जिचं छप्पर तिचं आहे, ती काय म्हणेल?

प्रस्तावनेतून 'शरणागती' काढली. कायद्याचा भाग ठेवला. तो खरा आहे आणि लोकांना माहीत असायला हवा. पहिलं वाक्यही ठेवलं आहे, त्याला दोन शब्द जोडले आहेत: 'या कादंबरीचा शेवट गोड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पुन्हा वाचावी. मी वाचली.'

गुरुवार, ११ ऑक्टोबर

उद्या दुपारचं विमान. बॅगेचं वजन निधीच्या बाथरूममधल्या काट्यावर तीनदा केलं. मार्था हातातल्या पिशवीत, ती बॅगेत जाणार नाही.

चार वाजता हाईम निरोप घ्यायला आला. मीच त्याला फोन करून बोलावलं होतं. या घराचं दार माझं नाही, म्हणून निधीलाच उघडू दिलं. माझं दार पुण्यात आहे, कोथरुडात. त्याचा कागद माझ्या नावावर आहे आणि कुणाला आत घेतल्याने तो बदलत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या त्या बाईला हे मिळालं नाही. मला मिळालं आहे, तर ते नुसतं व्याख्यानात वापरायचं का?

त्याच्या हातात शेवटचं पान दिलं. "वाचा."

त्याने चष्मा लावला. मोठ्याने वाचलं, "'पुष्कळ वेळ दारात उभा राहिलास. आत ये.'" थांबला. पुन्हा मनात वाचलं. "नियम मोडलात, बाई. लग्नाआधी दोघंही 'तुम्ही', असं होतं ना?"

"नियम माझा होता. मोडायचाही मीच. मागे बघा."

पानाच्या मागे मी माझा पत्ता लिहिला होता. त्याखाली एक ओळ: 'दुसरा मजला. बेल चालत नाही, दार वाजवा.' त्यातल्या 'वाजवा'चा काना मी सकाळी खोडला होता. काळ्या शाईने, चांगला ठळक. यंत्रात एखादा भाग सुटा झाला असेल तर तो कसा बघत असेल, तसा तो त्या खोडलेल्या कान्याकडे बघत राहिला.

"बेल मी दुरुस्त करू शकतो," शेवटी म्हणाला.

"आधी वाजव तर. मग बघू."

हे मी मोठ्याने म्हटलं. शब्द तोंडातून गेला आणि मला काही झालं नाही. जिन्यात वर निधीच्या हातून काहीतरी पडलं.

हाईमने टोपी काढली, पुन्हा घातली. "डिसेंबरात आलो तर? दोन-तीन महिन्यांसाठी. मला तिकडे यायला व्हिसा लागत नाही, टालियाने गेल्या वर्षीच ते मूळच्या भारतीयांना मिळतं ते कार्ड काढून दिलंय."

"म्हणजे तू माझ्यावर अवलंबून राहणार नाहीस. चांगलं आहे."

"आणि कागद? रजिस्टर?"

"हाईम, ते प्रकरण अजून लिहिलेलं नाही. घाई करू नकोस."

"बरं." मग, "शनिवारचं काय? शनिवारी मी स्वयंपाक करत नाही."

"शनिवारी मी करीन. बाकीचे सहा दिवस तुझे."

तो इतका हसला की त्याला भिंतीला हात टेकावा लागला. मी वाद घालायला तयार होते, पण वाद निघालाच नाही.

पान त्याने घडी करून आतल्या खिशात ठेवलं. माझ्याकडे कच्ची प्रत आहे, छापायला तेवढी पुरे. दारात बूट घातले, पायरी उतरला, फाटकापाशी वळला आणि म्हणाला, "येतो, बाई."

आपल्याकडे निघालेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, आणि आपण त्याकडे कधी लक्ष देत नाही. आज मी दिलं.

"ये," मी म्हटलं.